शिसपेन्सिलीची नोंद

माझ्या लहानपणीं बोर्ली पंचतनच्या आमच्या घरीं औषध येई, तें बाटलींतून येई. दवाखान्यांतला कंपाउंडर गुलाबी किंवा पिंवळसर रंगाचें मिश्रण बाटलींत भरी, तिला बूच लावी, आणि मग बाटलीच्या पाठीवर कागदाची एक पट्टी खळीनें चिकटवी. ही पट्टी तयार करण्याची त्याची हातोटी पाहण्यासाठींच मी घरच्या आजारी माणसाबरोबर दवाखान्यांत जात असें. कागदाची उभी घडी घालून तो कात्रीनें तिची कड टचटच कातरी. घडी उलगडली कीं पट्टीच्या दोन्ही बाजूंना करवतीसारखे दांते उमटलेले असत. एका दांत्यापासून दुसऱ्या दांत्यापर्यंत औषधाची एक मात्रा. माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती, परंतु रात्रीं कंदिलाच्या उजेडांत बाटली डोळ्यांसमोर धरून ती बिनचूक सांगे, "दोन खुणा उतरल्या, चार राहिल्या. दुपारचें औषध कोणी तरी चुकवलें आहे." आणि तें चुकवणारा बहुधा मीच असें.

किती द्यावयाचें, किती दिलें आणि किती राहिलें, एवढ्या तीन गोष्टी ती पट्टी सांगत असे; आणि ज्याला त्या कळावयास हव्यात त्याला, त्याच्याच घरांत, दुसऱ्या कोणाला न विचारतां सांगत असे. रुग्णाची नोंद म्हणून जी काय म्हणतात, तिच्याकडून याहून अधिक कोणती अपेक्षा करावयाची, हा प्रश्न पुढें पुष्कळ वर्षांनीं माझ्यापुढें उभा राहिला. त्याचीच हकीकत येथें सांगावयाची आहे.

रुग्णाच्या नोंदी कागदावर असाव्या कीं संगणकांत, हा वाद आतां केवळ डॉक्टरांचा राहिलेला नाहीं. जेवणानंतर पानसुपारी घेत बसलेल्या मंडळींतहि तो रंगतो. २७ सप्टेंबर २०२१ रोजीं आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झालें, आणि प्रत्येक नागरिकाला आरोग्याचा म्हणून एक चौदा आंकडी क्रमांक मिळूं लागला. त्या क्रमांकाच्या दोऱ्यांत आपल्या सर्व तपासण्या, सर्व औषधें आणि सर्व दुखणीं ओंवलीं जावीं, आणि आपण श्रीवर्धनला असूं कीं नागपुरास, तेथील डॉक्टरला तीं दिसावीं, अशी ही कल्पना. संगणकाच्या बाजूचे लोक म्हणतात कीं, कागद फाटतो, भिजतो, हरवतो, वाळवीच्या भक्ष्यस्थानीं पडतो, आणि यांतून वांचलाच तर वाचतां येत नाहीं. हा शेवटचा आरोप कांहीं खोटा नाहीं. औषधाचें नांव सुवाच्य आणि शक्य तर कॅपिटल अक्षरांत लिहावें, असें भारतीय आयुर्विज्ञान परिषदेला २०१६ सालीं आपल्या नियमांत मुद्दाम घालावें लागलें. उलट कागदाच्या बाजूचे लोक म्हणतात कीं, संगणक आला आणि डॉक्टरची नजर आमच्यावरून उठून पडद्यावर जाऊन बसली. पूर्वीं तो आमची नाडी पाही, आतां आमचा क्रमांक पाहतो. मला दोन्ही पक्षांचें म्हणणें पटतें, आणि म्हणूनच दोन्ही पक्षांना मी नकोसा होतों.

कागदाचा अभिमान बाळगावयास आमच्या रायगड जिल्ह्याला एक सबळ कारण आहे. महाड तालुक्यांतील बिरवाडी येथें १९७६ सालीं हिंमतराव बावसकर नांवाचे एक तरुण डॉक्टर प्राथमिक आरोग्य केंद्रावर आले. कोंकणांत लाल विंचवाचा दंश म्हणजे त्या काळीं पुष्कळदां यमाचेंच बोलावणें असे. भातकापणीला गेलेला धडधाकट माणूस किंवा सरपण काढावयास गेलेलें पोर दंश झाल्यावर घामानें निथळे, त्याला वांत्या होत, हातपाय गार पडत, रक्तदाब चढे, फुप्फुसांत पाणी भरे आणि कित्येकदां सारा खेळ आटपे. यावर नेमका उपाय कोणत्याच ग्रंथांत नव्हता. बावसकरांनीं केलें तें एवढेंच कीं, ते रुग्णाच्या खाटेजवळ बसून राहिले, आणि जें दिसलें तें दिसलें त्या वेळीं लिहून ठेवीत गेले. या नोंदींतून दंशानंतरच्या लक्षणांचा क्रम उलगडला. १९८२ सालीं त्यांचा लेख 'लॅन्सेट' या विख्यात नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. पुढें प्राझोसिन हें रक्तदाबावरचें साधें, स्वस्त औषध त्यांनीं या दंशावर वापरलें, आणि जेथें शेंकडा ४० पर्यंत रुग्ण दगावत, तेथें हें प्रमाण शेंकडा एकाच्या आसपास आलें. २०२२ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या खेडेगांवच्या दवाखान्यांत संगणक नव्हता हें खरें. परंतु या गोष्टींतून कागदाचा विजय सिद्ध होतो असें मला वाटत नाहीं. तेथें जिंकली ती खाटेजवळ बसण्याची तयारी. कोणी तरी जवळ बसून पाहिलेंच नाहीं, तर कागद काय आणि पडदा काय, दोन्ही कोरेच.

आतां माझ्या घरची गोष्ट सांगतों.

बोर्लीच्या आमच्या जुन्या घरांत माझी आत्या एकटी राहते. तिच्या हृदयाची एक झडप निकामी झाल्यामुळें मुंबईच्या एका रुग्णालयांत शस्त्रक्रिया करून तेथें धातूची झडप बसविलेली आहे. अशा माणसाला रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते. ही गोळी मोठी मानी असते. ती थोडी कमी पडली तर झडपेवर रक्ताची गुठळी धरते. थोडी अधिक झाली तर आंतल्या आंत रक्तस्राव होतो. दुसरें एखादें औषध घेतलें कीं तिचा गुण बदलतो. आहारांत पालेभाजी एकदम वाढली तरी बदलतो. म्हणून ठराविक दिवसांनीं रक्त तपासावयाचें आणि त्या आंकड्यावरून मात्रा ठरवावयाची, असा क्रम असतो. आत्याचे हे सारे आंकडे एका जाड फाइलींत होते. ती फाइल प्लॅस्टिकच्या पिशवींत, पिशवी पत्र्याच्या ट्रंकेंत आणि ट्रंक माळ्यावर. घरांतल्या सोन्याचीहि एवढी बडदास्त तिनें कधीं ठेवली नसेल.

३ जून २०२० रोजीं दुपारीं निसर्ग नांवाचें चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर येऊन आदळलें. ताशीं शंभर किलोमीटरांहून अधिक वेगानें वारा वाहत होता. श्रीवर्धन तालुक्यांतल्या नारळी-पोफळींच्या ज्या वाड्या तीन तीन पिढ्यांनीं शिंपून वाढविल्या होत्या, त्या एका दुपारीं आडव्या झाल्या. विजेचे खांब पडले, तारा तुटल्या, दूरध्वनीचे मनोरे मुके झाले. आधींच टाळेबंदीचे दिवस. परवाना मिळवून, माणगांव-म्हसळ्याच्या वाटेनें, कापून बाजूला सारलेल्या झाडांमधून मोटार काढीत मी बोर्लीला पोंचलों, तेव्हां ८ जूनची सकाळ उजाडलेली होती. माळ्यावरचीं कौलें सगळीं गेलीं होतीं. आत्या शेजाऱ्यांच्या पडवींत एका खाटेवर बसून होती. अंगांत थोडी कसर होती आणि बोलण्यांत एक प्रकारची सुस्ती. मला पाहून ती म्हणाली, "पोफळी गेल्या रे सगळ्या." आणि पुन्हां तेंच म्हणाली.

गांवांतले एक डॉक्टर त्या दिवसांत घरोघर हिंडून रुग्ण पाहत होते. ते आले, आणि त्यांनीं पहिला प्रश्न विचारला तो गोळीचा. गोळ्यांची पट्टी सांपडली, तेव्हां औषध कोणतें तें कळलें. मात्रा किती, तें मात्र कळेना. मीं ट्रंक उघडली. तिच्या बिजागरीपाशीं गंजून पडलेल्या भोंकांतून पाणी शिरलें होतें, आणि पिशवीचें तोंड सुटलें होतें. फाइलीचा लगदा झाला होता. शाईपेननें लिहिलेल्या ओळींचे निळे ओहोळ झाले होते; छापयंत्रावर काढलेल्या अहवालांचे रंग एकमेकांत मिसळले होते; हृदयाच्या आलेखांच्या गुळगुळीत पट्ट्या तर वादळापूर्वींच कालमानानें फिकट होऊन कोऱ्या पडल्या होत्या. त्या लगद्यांतून मधलें एक पान तेवढें शाबूत निघालें. तें मार्च महिन्याचें होतें, आणि त्यावर स्वच्छ लिहिलें होतें: रोज एक गोळी.

मला केवढा आनंद झाला! बुडत्याला काडी सांपडावी तसें तें पान मीं डॉक्टरांच्या हातांत दिलें. परंतु डॉक्टर सावध होते. त्यांनीं आत्याला विचारलें, "आजी, गोळी रोज अख्खी घेतां ना?"

"घेतें कीं रोज," आत्या म्हणाली.

"अख्खी?"

ती थोडा वेळ त्यांच्याकडे पाहत राहिली, मग वैतागून म्हणाली, "मला काय विचारतां? भिंतीला विचारा."

तिला भ्रम झाला असावा असें मला वाटलें. डॉक्टर मात्र उठले, आणि पडक्या कौलांवरून वाट काढीत आमच्या स्वयंपाकघरांत गेले. त्या बाजूचें छप्पर बरेंचसें टिकलें होतें. चुलीच्या भिंतीवर खिळ्याला 'कालनिर्णय' लटकत होतें. ओलीनें फुगलेलें, कडेला बुरशी धरूं लागलेलें. त्याच्या प्रत्येक तारखेच्या चौकटींत शिसपेन्सिलीनें कांहीं खुणा केलेल्या होत्या. उभ्या रेघा कसल्या तें मला ठाऊक होतें. तो दुधाचा हिशेब. पण रेघांच्या खालीं एक लहानसें वर्तुळ होतें, तें काय असावें? डॉक्टरांनीं जून महिन्याचें पान उलटून मे महिना काढला. १३ मेपर्यंत रोज पूर्ण वर्तुळ. १४ मेच्या चौकटींत "फोन" एवढीं दोनच अक्षरें. आणि त्या दिवसापासून एक आड एक: पूर्ण वर्तुळ, अर्धें वर्तुळ, पूर्ण, अर्धें.

मुंबईच्या डॉक्टरांनीं टाळेबंदीमुळें फोनवरच तिची मात्रा बदलली होती. या बदलाचा कागद निघालाच नव्हता. तेव्हां फाइल कोरडी राहिली असती, तरी तिनें आम्हांला जुनी मात्राच सांगितली असती, आणि तीहि मोठ्या विश्वासार्ह चेहऱ्यानें. जें एक पान वांचलें म्हणून मी हरखलों होतों, तेंच घात करूं पाहत होतें.

पण डॉक्टरांचें बोट तेथें थांबलें नाहीं. त्यांनीं पुन्हां जूनचें पान पुढें घेतलें. १ तारखेला खूण होती, २ तारखेला होती. ३ तारखेपासून पुढें चौकटी रिकाम्या होत्या. आत्या गोळी रात्रीं जेवणानंतर घेते; तीन तारखेच्या रात्रीं घर राहिलें नव्हतें, जेवण नव्हतें, आणि वर्तुळ काढावयास भिंतीपाशीं जातांहि आलें नव्हतें. पट्टींतल्या उरलेल्या गोळ्या मोजल्या, हिशेब जुळला. पांच रात्री तिनें गोळी घेतलेलीच नव्हती. "घेतें कीं रोज" हें ती खोटें बोलली नव्हती. तिची रोजची रीत तिनें सांगितली होती. परंतु तिच्या जिभेहून तिची भिंत अधिक खरें बोलत होती.

"आतां येथें थांबूं नका," डॉक्टर म्हणाले. त्याच दुपारीं आत्याला मोटारींत घालून आम्ही निघालों. माणगांवच्या बाजूला फोन लागूं लागला, तेव्हां मुंबईच्या रुग्णालयाशीं बोलणें झालें. तेथील बाईंनीं संगणकावर पाहून सांगितलें: १४ मेपासून एक दिवस एक गोळी, एक दिवस अर्धी. भिंतीवर होतें तेंच. पुढें शहरांत तिचें रक्त तपासलें. आंकडा फारच खालीं गेलेला होता. गोळीचा अंमल पुन्हां बसेपर्यंत गुठळी होऊं नये म्हणून कांहीं दिवस तिला इंजेक्शनें द्यावीं लागलीं. दहा-बारा दिवसांनीं ती पोफळींविषयीं पुन्हां नीट भांडूं लागली, तेव्हां माझ्या जिवांत जीव आला.

या प्रसंगाचा मीं पुढें पुष्कळ विचार केला. फाइलीला मार्च महिना ठाऊक होता. संगणकाला १४ मे ठाऊक होती. ३ जून मात्र या दोघांपैकीं कोणालाहि ठाऊक नव्हती. ती ठाऊक होती केवळ आत्याच्या भिंतीला. आणि ती भिंतीला ठाऊक असण्याचें कारण असें कीं, तेथली नोंद जिची होती तिनेंच, ज्या जागीं गोळी घेतली त्याच जागीं, घेतल्याबरोबर केलेली होती. ती शिसपेन्सिलीनें कां केली, हेंहि मीं आत्याला विचारलें. ती म्हणाली, "पेनानें भिंतीवर लिहून बघ." मीं लिहून पाहिलें. दोन चौकटींनंतर पेन थांबलें. कारण त्याची शाई खालीं उतरावयास उतार लागतो. आणि शिसपेन्सिलींतलें ग्रॅफाइट पाण्यांत विरघळत नाहीं, म्हणून वादळांतहि तीं वर्तुळें शाबूत राहिलीं. तिनें या गोष्टीचा विचार केला नव्हता. सोय पाहिली होती.

परंतु एवढ्यावरून "पाहा, अखेर कागदच उपयोगी पडला" असा डंका मी वाजवणार नाहीं. त्या दिवशीं स्वयंपाकघराचें छप्परहि गेलें असतें तर? शेजाऱ्यांचें कॅलेंडर वाऱ्यानें नेलें तें सांपडलेंच नाहीं. कागद एका जागीं असतो आणि त्या जागेबरोबर मरतो. आत्याच्या शस्त्रक्रियेपासूनचे सगळे आंकडे आज उपलब्ध आहेत ते, बोर्लीचा वारा जेथें पोंचत नाहीं अशा ठिकाणीं ते साठविलेले होते म्हणूनच. संगणकांतली नोंद सहसा मरत नाहीं; तिचा दोष निराळा आहे. ती हयात असून भेटत नाहीं. ऐन गरजेच्या वेळीं वीज नाहीं, मनोरा नाहीं, तर ती असून नसल्यासारखी. आणि हें केवळ कोंकणांतल्या खेड्यांतच घडतें असें नव्हे. २३ नोव्हेंबर २०२२ रोजीं दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या संगणकांवर दरोडेखोरांनीं हल्ला केला, तेव्हां देशांतल्या त्या अग्रगण्य रुग्णालयांत कित्येक दिवस सगळा कारभार हातानें, कागदावर चालवावा लागला. तेथें वादळ नव्हतें आणि विजेचे खांबहि उभे होते.

तेव्हां कागद कीं संगणक, हा प्रश्नच मला आतां अपुरा वाटतो. खरा प्रश्न हा कीं, नोंद कोणाच्या हातीं असावी? रुग्णालयांत दाखल झालेल्या रुग्णाचीं कागदपत्रें डॉक्टरनें तीन वर्षें जपावीं, आणि मागितल्यावर बाहत्तर तासांच्या आंत द्यावीं, असा नियम २००२ सालापासून आहे. नियम चांगला आहे. परंतु त्यांतला भाव असा कीं, नोंद दुसऱ्याची, आणि आपण ती मागावयाची. चौदा आंकडी क्रमांकाच्या योजनेंत रुग्णाच्या संमतीवांचून त्याची नोंद कोणास दाखवूं नये असें ठरलें आहे. हें पाऊल निश्चित पुढचें आहे. पण आत्याच्या बाबतींत ही संमती प्रत्यक्षांत काय होते तें पाहा. तिच्या नांवाशीं जोडलेला दूरध्वनीचा क्रमांक माझा. संमतीचे आंकडे येतात ते मुंबईंत माझ्या खिशांत. मी ते वाचतों, सांगतों, आणि आत्याच्या दुखण्याचें दार माझ्या संमतीनें उघडतें. आजीला बाटलीची पट्टी वाचावयास नातवाची गरज पडत नव्हती. तिच्याच लेकीला, सातवीपर्यंत शिकलेल्या माझ्या आत्याला, स्वतःची नोंद वाचावयास भाचा लागतो.

म्हणून माझें मागणें लहान आहे. मोठी नोंद संगणकांत अवश्य असावी. दूर, सुरक्षित, जेथून कोणत्याहि गांवच्या डॉक्टरला ती दिसेल अशी. पण रुग्ण दवाखान्याबाहेर पडतांना त्याच्या हातांत एक चिटोरें असावें. त्यावर ठळक मराठी अक्षरांत चार ओळी असाव्या: दुखणें काय, गोळी कोणती, किती आणि केव्हां, काय झालें तर ताबडतोब यावें. मात्रा फोनवर बदलली तर तेंहि रुग्णाकडून तेथल्या तेथें लिहवून आणि वाचवून घ्यावें. आणि पुढल्या भेटींत डॉक्टरनें पडद्याकडे पाहण्यापूर्वीं एकदां विचारावें, "तुमची नोंद काय म्हणते?" रुग्णाजवळ अशी नोंद असते, ती कधीं दुधाच्या हिशेबाखालीं दडलेली असते, हें गृहीत धरावें. बोर्लीच्या त्या डॉक्टरांनीं एका वैतागलेल्या म्हातारीचें बोलणें भ्रमांत न काढतां भिंत गांठली, हीच त्या दिवसाची खरी चिकित्सा होती.

घराचीं कौलें त्याच वर्षीं पुन्हां घातलीं. फाइलीच्या नव्या पानांचीं छायाचित्रें काढून मीं तीं माझ्याजवळ ठेवलीं आहेत, आणि आत्याचा चौदा आंकडी क्रमांकहि काढला आहे. नव्या वर्षाचें 'कालनिर्णय' मात्र दर डिसेंबरांत मी स्वतः नेऊन त्याच खिळ्याला लावतों. गेल्या खेपेस खिळ्याला दोरा गुंडाळून एक नवी शिसपेन्सिलहि बांधून ठेवली. आत्यानें ती निरखून पाहिली आणि म्हणाली, "टोंक कोण काढणार? तें यंत्र कुठें आहे?" मीं खिशांतून टोंकयंत्र काढून तेंहि दोऱ्याला बांधलें, तेव्हां कोठें तिनें त्या दिवसाचें अर्धें वर्तुळ काढलें.